पातेल्यावरचं नाव

माझा आवाज मोठा आहे. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्सची नोकरी केली, तिथे हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. त्यामुळे त्या शनिवारी रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मी जे बोलले, ते समोरच्या फुटपाथवरही ऐकू गेलं असणार. जाऊ दे, ऐकू दे सगळ्यांना, असंच मला तेव्हा वाटत होतं.

झालं होतं असं. आमचे हे, धोंडिबा ओव्हाळ, जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्या हडपसरच्या विहारात वैशाखी पौर्णिमेला खीर असते. तिचं पातेलं दरवर्षी मंडपवाल्याकडून भाड्यानं यायचं आणि दरवर्षी त्याला आदल्या कुठल्यातरी लग्नाच्या रश्श्याचा वास असायचा. हे दर पौर्णिमेला म्हणायचे, "हिरा, एकदा आपलं पातेलं घेऊन टाकू विहाराला." ते राहूनच गेलं. म्हणून मी ठरवलं, यंदा त्यांच्या नावाचं पितळेचं पातेलं विहाराला द्यायचं, आतून कल्हई केलेलं, चांगलं पन्नास-साठ माणसांच्या खिरीचं. अनिरुद्ध, माझा मुलगा, म्हणाला अर्धे पैसे मी घालतो. मी म्हटलं, तू विहाराला पंखा दे, पातेलं माझ्या पेन्शनीतनं होणार.

त्या दुकानाची रीत जुनी आहे. भांडं निवडायचं, ते काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पावती करून पैसे भरायचे. मग दारापाशी पोत्यावर बसलेला शंभू छोट्या छिन्नी-हातोडीनं टिंबाटिंबांनी त्यावर नाव घालतो. नावाचे पैसे नाहीत. पण एकदा नाव पडलं की भांडं परत घेत नाहीत, तशी पाटीच आहे. माझं पातेलं सात किलो दोनशे ग्रॅम भरलं. नऊशे रुपये किलोनं सहा हजार चारशे ऐंशी झाले. ते गल्ल्यावर मालकांना, सत्तरीच्या अनंतरावांना दिले. पर्समध्ये औषधाची जुनी चिठ्ठी होती, तिच्या मागच्या बाजूला घाईघाईत नाव लिहून शंभूच्या हातात दिली आणि शेजारी चहा प्यायला गेले.

परत आले तर काम झालेलं. अक्षर सुबक, एकसारखं: 'कै. धोंडिबा तुळशीराम ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ.'

कै. म्हणजे कैलासवासी. आमच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर दोन वर्षांनी ह्यांचा जन्म. ज्या माणसानं आयुष्यात कधी कैलासाचा पत्ता विचारला नाही, त्याला मेल्यावर तिकडे पाठवून मोकळे! आमच्यात 'कालकथित' म्हणतात. ह्यांच्या तेराव्याच्या नव्हे, पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर मी तो शब्द दोनदा तपासून घेतला होता. माझं डोकंच फिरलं.

"अहो मालक," मी म्हटलं, "तुमच्या पेठेत माणूस गेला की न विचारता त्याला कैलासाला धाडता का? आमची माणसं कोण, आमच्यात काय म्हणतात, एवढं विचारायला तोंड नाही? की सगळे मेलेले तुमचेच?"

सात-आठ गिऱ्हाइकं होती. सगळी वळून बघायला लागली. शंभूनं बोलायला तोंड उघडलं. अनंतरावांनी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शंभू, माळ्यावरचं दुसरं पातेलं काढ." शंभू काही म्हणणार, तर "आधी चढ" म्हणून त्याला शिडीवर पिटाळलं. मग मला म्हणाले, "काय घालायचं ते सांगा. मी लिहून घेतो."

मी 'कालकथित' एकेक अक्षर सोडवून सांगितलं, दुकानातल्या शेवटच्या माणसाला कळेल अशा आवाजात. त्यांनी ते निमूट लिहून घेतलं. मला वाटलं, टरकला. शंभूनं दुसऱ्या पातेल्यावर नाव घातलं, मी ते रिक्षात घातलं आणि हडपसरला आले.

घरी जाताना विहारापाशी भेटली कांताबाई, आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिला मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मेसेज होता: 'आपल्या हिराताईंनी पेठेतल्या दुकानदाराला धडा शिकवला.' खाली दुकानाचं नाव, पत्ता आणि 'आपल्या लोकांनी तिथून काही घेऊ नये.' रात्रीपर्यंत चाळीस अंगठे आले. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? ह्यांच्या मागे पहिल्यांदाच मला काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी पातेलं पुसायला उचललं आणि तिथेच थांबले.

माझ्या हाताला वजन कळतं. वॉर्डात काटा बिघडला की डॉक्टरीणबाई मूल माझ्या हातात द्यायच्या आणि मी सांगेन ते कागदावर चढायचं. पन्नास ग्रॅमचा फरक निघाला तर निघाला. हे पातेलं सात किलो दोनशे नव्हतं. एक अख्खं बाळ जास्तीचं होतं त्यात, नऊ महिने पूर्ण भरलेलं.

अनिरुद्धला त्याच्या बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं, आधी रिकाम्या हातानं, मग पातेलं घेऊन. दहा किलोच्या आसपास आलं. म्हणजे गडबडीत दुसऱ्या पातेल्याचं वजन करायचं राहिलं होतं, पावती पहिल्याचीच होती. अडीच हजारांच्या घरातला माल मी फुकट आणला होता.

"आई, सोड ना," अनिरुद्ध म्हणाला. "त्यांचा ब्लंडर, त्यांचा लॉस. एवढा इन्सल्ट केला बाबांचा, कॉम्पेन्सेशन समज."

"त्यांचं एक पातेलं तसंही वाया गेलंय, आई," माझी सून अक्षता म्हणाली. "नाव पडलेलं कोण घेणार?"

"ते त्यांच्या चुकीनं गेलं," मी म्हटलं.

"हो, ते आहेच," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली. अक्षता जास्त बोलत नाही. तेच त्रासदायक आहे तिचं.

दुपारभर ते पातेलं दिवाणखान्यात माझ्यासमोर होतं आणि त्यावरचं नाव माझ्याकडे बघत होतं. हे बसचे कंडक्टर होते. सुटे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, उतरताना मागून घ्या म्हणायचं, अशी पद्धत होती तेव्हा. निम्मे लोक विसरून उतरायचे. बाकीचे कंडक्टर त्याला वरकमाई म्हणत. हे गर्दीतून खिडकीबाहेर मान काढून ओरडायचे, "अहो निळा शर्ट, तीन रुपये!" तरी राहिलेली चिल्लर हे हॉर्लिक्सच्या डब्यात टाकत. एकदा मी म्हटलं, विहाराच्या दानपेटीत टाका की, पुण्य तरी लागेल. तर म्हणाले, "कुणाचं पुण्य? दुसऱ्याच्या पैशानं दान केलं तर दान त्याचं. आपण नुसते हमाल." निवृत्तीच्या दिवशी तो डबा डेपोत घेऊन गेले. तिथला कारकून हसला, म्हणाला, ओव्हाळ, असलं काही जमा करून घ्यायला आमच्याकडे रकानाच नाही. डबा परत आला. अजून माझ्या कपाटात आहे, त्यातली निम्मी नाणी आता चालतही नाहीत.

अशा माणसाच्या नावाचं पातेलं, आणि त्यातला चौथा हिस्सा न दिलेल्या पैशांचा. पौर्णिमेला सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हणणार, त्यात न दिलेलं घेणार नाही म्हणून हात जोडणार, आणि समोर हे पातेलं. मग मी स्वतःला दुसऱ्या बाजूनं समजावून बघितलं. न दिलेलं कुठे आहे? त्यांनीच दिलं, त्यांच्याच हातानं. पण असं तर विसरभोळ्या प्रवाशानंही ह्यांच्याकडे तीन रुपये दिलेच होते.

खरं सांगायचं तर पैशांचं मला जड नव्हतं. जड होतं त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणं. ज्याला चारचौघांत झापलं, त्याच्याकडे जाऊन सांगायचं, मी तुमचा माल जास्त नेला? अनिरुद्धनं तोडगा काढला. "पावतीवर क्यूआर आहे. अडीच हजार पाठवून दे, मॅटर क्लोज." माझं बोट जवळजवळ गेलंच होतं. पण बाथरूमच्या काट्यावर अंदाजानं हिशेब मिटवायचा, तोंड न दाखवता? हे बसमधून मान बाहेर काढायचे. मी सोमवारी सकाळी पातेलं जुन्या चादरीत बांधलं आणि रिक्षा केली.

दुकान नुकतंच उघडलं होतं. गिऱ्हाईक एखाद-दुसरंच. मला बघताच शंभूनं मान खाली घातली. अनंतराव गल्ल्यावरून म्हणाले, "या. आता काय राहिलं?"

"वजन राहिलं," मी म्हटलं. "तुम्ही करायचं विसरलात. घ्या करून."

त्यांनी पातेलं काट्यावर ठेवलं. नऊ किलो नऊशे. पावतीकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझं लक्षच नव्हतं त्या दिवशी," ते म्हणाले. "दोन किलो सातशेचा फरक. दोन हजार चारशे तीस." मी अडीच हजार दिले. त्यांनी सत्तर रुपये परत दिले, नवी पावती केली आणि म्हणाले, "हडपसरहून एवढं उचलून आणलंत. धन्यवाद."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण चांगलं वागल्यावर माणसाच्या अंगात वारं भरतं. मी म्हटलं, "न दिलेलं घ्यायची आमची रीत नाही. मात्र पुढच्या वेळी नाव घालताना विचारत जा. लोकांची मनं दुखतात."

"काय इचारायचं?" शंभू एकदम पोत्यावरून उठला. "तुमीच लिवून दिल्यालं हाय की! मी काय मनानं घातलं व्हय?"

"शंभू," अनंतराव म्हणाले.

"न्हाई मालक, शनिवारपास्नं ऐकून घेतोय मी."

"काय लिहून दिलं मी?" मी विचारलं. अनंतरावांनी शंभूला खाली बसायची खूण केली. "दाखवा," मी म्हटलं, "असेल तर दाखवा."

त्यांनी गल्ल्याच्या खालचा खण उघडला आणि औषधाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. पुढच्या बाजूला माझ्या बी.पी.च्या गोळ्या. मागच्या बाजूला माझं अक्षर, वॉर्डाच्या रजिस्टरमधलं, उजवीकडे कललेलं. कै. धोंडिबा तुळशीराम ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ.

मी खाली ठेवलेल्या एका पिंपावर बसले. दुकानदाराच्या मालावर असं बसायचं नसतं, पण त्यांनी बसू दिलं.

कसं झालं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आमच्या वॉर्डात बावीस खाटा होत्या, सगळ्या देणगीतून आलेल्या, आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी पत्र्याची पट्टी: कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. पाण्याच्या कूलरवर तेच. बाहेरच्या बाकावर तेच. एकतीस वर्षं येता-जाता वाचलं. 'यांच्या स्मरणार्थ' लिहायला घेतलं तर हाताला पुढचं-मागचं तेच ठाऊक. डोक्यात कालकथित होतं, हातात कै. होतं. आणि ज्या शब्दासाठी मी एवढं रान उठवलं, तो मी स्वतःच ह्यांच्या नावावर चढवला होता.

"तेव्हाच का नाही दाखवलीत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"बाई, तुम्ही नवऱ्याच्या नावासाठी भांडत होतात," अनंतराव म्हणाले. "सगळ्यांदेखत ही चिठ्ठी तुमच्या हातात देऊन मला काय मिळणार होतं? भांडणात जिंकलो असतो. दुकान चालवतोय मी, आखाडा नाही." मग म्हणाले, "आणि चाळीस वर्षं सरसकट कै. घालतोय, हेही खरंच. आता विचारतो."

पहिलं पातेलं त्यांच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. "त्याचं काय करणार?" मी विचारलं.

"मोडीत."

ह्यांचं नाव भट्टीत जाणार हे काही मला सहन होईना. "घालू नका मोडीत. एक तारखेला पेन्शन झाली की मी नेते."

"मोडीच्या भावानं देतो मग."

"नको. नऊशेनं."

"बाई, गिऱ्हाईक भाव पाडतं. तुम्ही चढवताय."

"चूक माझी आहे, पूर्ण भावाची आहे."

"आणि तुमच्या घरात कै. चालेल?"

"माझ्या हातचं आहे. माझ्या घरातच राहील."

ते पहिल्यांदा हसले. पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात 'एक तारीख, ओव्हाळ' असं लिहिलं. मी पातेलं चादरीत बांधलं, शंभूला म्हटलं, "चुकलं रे माझं," तो म्हणाला, "असू द्या." पायरी उतरणार तेवढ्यात अनंतराव म्हणाले, "एक होतं. परवा सुनेनं मोबाइलवर एक मेसेज दाखवला. कुठून कुठून फिरत आला होता. त्यात दुकानाचं नाव आहे, आमच्या आजोबांनी ठेवलेलं. तेवढं जमलं तर बघा."

जमलं तर बघा. एवढंच. मी त्यांच्यावर आरोप केला होता जातीचा, खोटा, सात-आठ गिऱ्हाइकांसमोर आणि नंतर साऱ्या हडपसरसमोर. त्याची त्यांनी एवढीच पावती केली. रिक्षात मांडीवर पातेलं घेऊन बसले आणि मला रडू आलं. ही दुसरी पावतीही कमीचीच होती, आणि ह्या वेळी ती विसरून झालेली नव्हती.

सोपा रस्ता होताच. ग्रुपवर टाकायचं, 'गैरसमज दूर झाला आहे, मेसेज पुढे पाठवू नये', खाली हात जोडलेलं चित्र. दोन दिवस मी हेच करायचं असं धरून चालले होते. मंगळवारी टाइपही केलं. मग वाचलं. गैरसमज दूर झाला, कुणाचा, कसा, ते त्यात कुठेच नव्हतं. लोक म्हणाले असते, दुकानदारानं माफी मागितली असेल, हिराताईंनी मोठ्या मनानं सोडून दिलं. म्हणजे त्याच्या पैशातनं मी आणखी थोडं मोठेपण घेतलं असतं. पुसून टाकलं.

भीती कसली होती ते सांगते. आमच्या लोकांना अशी वागणूक मिळत नाही असं थोडंच आहे? नोकरीत मला मिळाली, ह्यांना मिळाली. शंभरदा खरं असतं. माझं एकदा खोटं निघालेलं मी सांगितलं, तर ती शंभर खरी हलकी पडतील का? उद्या कुणी बोट दाखवेल का, बघा, ह्यांना उगाच लागतं? पौर्णिमेच्या सकाळपर्यंत मला उत्तर सापडलं नाही. अक्षताला विचारलं. ती केळी सोलत होती. म्हणाली, "पण आई, ती शंभर खरी आपण खरी म्हणूनच सांगतो ना?"

विहार भरलं होतं. खीर झाली होती, नव्या पातेल्यात, वेलचीचा वास होता आणि रश्श्याचा नव्हता. पंचशील व्हायचं होतं. त्याआधी कांताबाईनं माइक घेतला. पातेल्याचं कौतुक केलं, ह्यांची आठवण काढली आणि म्हणाली, "हे पातेलं आणताना आपल्या हिराताईंनी काय केलं, ते त्यांच्याच तोंडून ऐका." टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या मुली मोबाइल वर धरून बसल्या.

मी उठले. पातेल्यावरचं नाव इथूनही वाचता येत होतं.

"पातेल्यावर पहिल्यांदा कै. पडलं होतं," मी म्हटलं. "ते दुकानदारानं घातलं नव्हतं. मी लिहून दिलं होतं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी त्यांच्याकडे आहे. मी सगळ्यांदेखत त्यांना नाही ते बोलले आणि त्यांनी मला सगळ्यांदेखत खोटं पाडलं नाही. स्वतःचं एक पातेलं घालवलं आणि गप्प बसले. त्यांच्या दुकानाचं नाव तुम्ही सगळ्यांनी पुढे पाठवलंय. आता हेही पाठवा. नाव, पत्त्यासकट."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अनिरुद्ध खाली बघत होता. कांताबाई माझ्या कानाशी आली. "अगं, कशाला सांगितलंस? कुणाला कळणार होतं?" आणि तिनं माइकचं बटण बंद केलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाल्या? ऐकू नाही आलं."

मी शनिवारी दुकानात जेवढ्या आवाजात बोलले होते, तेवढ्याच आवाजात ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग हात जोडून पंचशीलासाठी सगळ्यांच्यात जाऊन बसले.